उत्सव छापून येतो तेव्हा

२०१७ साली पुणे महापालिकेने सार्वजनिक गणेशोत्सवाची सव्वाशे वर्षे थाटात साजरी करायचे ठरवले आणि शहरात एक जुना वाद नव्याने पेटला. उत्सव सुरू केला कुणी, लोकमान्य टिळकांनी की भाऊसाहेब रंगारींनी? वैद्यकी करणाऱ्या आणि शालूंच्या रंगकामामुळे रंगारी म्हटल्या जाणाऱ्या भाऊसाहेब जावळ्यांनी १८९२ मध्येच गणपती बसवला होता, असे त्यांच्या मंडळाचे म्हणणे. मंडळाने पुरावा म्हणून पुढे केला तो २६ सप्टेंबर १८९३ चा ‘केसरी’. ज्या टिळकांच्या नावाशी वाद होता, त्यांच्याच पत्रात आलेला मजकूर! उत्सवाचा जन्मदाखला शोधायचा तर वर्तमानपत्राची जुनी फाईल उघडावी लागते, हे त्या निमित्ताने पुन्हा एकदा दिसले.

यात नवल नाही. महाराष्ट्रातले सार्वजनिक उत्सव आणि मराठी पत्रकारिता एकाच काळात, एकमेकांच्या आधाराने वाढली. उत्सवाने पत्रांना वाचक दिले आणि पत्रांनी उत्सवाला गावोगाव नेले.

तसे उत्सवांचे वर्णन मराठीला नवे नव्हते. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, त्यात शहरातले बाजार, रस्ते, देवळे यांच्याबरोबर सणवार आणि जत्राही आल्या. पण ते पुस्तक होते. सवडीने लिहिलेले, सवडीने वाचायचे. ‘केसरी’ निघाला ४ जानेवारी १८८१ रोजी. मंगळवारी अंक हातात पडायचा तेव्हा उत्सव नुकताच सरलेला असायचा. कुठे गणपती बसला, कुणी व्याख्यान दिले, मेळ्यांनी कोणती पदे म्हटली, मिरवणूक कशी निघाली, ही हकीकत तालुक्याच्या गावी एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकणाऱ्यांसाठी ती करमणूक होती आणि उत्सव कसा करावा याचा वस्तुपाठही. पुण्याला जमले ते आपल्याला का जमू नये, असे वाटायला लावणारा तो मजकूर होता. १८९३ मध्ये पुण्यात बोटांवर मोजण्याइतके सार्वजनिक गणपती होते, मुंबईत गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत उत्सव सुरू झाला होता. १८९४ मध्ये टिळकांनी विंचूरकरांच्या वाड्यात गणपती बसवला आणि पुढच्या काही वर्षांत हा उत्सव नाशिक, सातारा, अहमदनगर असा दूरवर पोचला.

या वाढीची दुसरी बाजूही त्याच अंकांमध्ये आहे आणि ती वगळून हा इतिहास सांगता येत नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तोवर मोहरमच्या ताबुतांमध्ये हिंदू हौसेने सामील होत, नवस बोलत, पुढे नाचत. १८९४ च्या मेळ्यांच्या पदांमधून ताबुतांकडे पाठ फिरवा, गणपतीकडे या, असा प्रचार झाला. पत्रांनी त्या पदांना आणि मेळ्यांना जागा दिली. मिरवणुकीत कोण आहे हे सांगताना कोण नसावे हेही ठरत गेले. उत्सवाची बातमी लिहिणाऱ्याच्या हातात केवढी ताकद असते, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच स्पष्ट झाले होते.

ती ताकद सरकारनेही ओळखली. उत्सवाच्या वृत्तांतावरून संपादकाला तुरुंगात जावे लागल्याचे हिंदुस्थानातले सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचेच आहे.

रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये छापून आणली होती. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला होता. १८९५ मध्ये ‘केसरी’ने जीर्णोद्धाराचा विषय हाती घेतला, हिराबागेत सभा झाली, फंड उघडला आणि वर्गणीदारांची यादी अंकातून छापली जाऊ लागली. मोठ्या देणगीदारांबरोबर आणे देणाऱ्याचेही नाव छापून येई. दूरच्या गावातल्या माणसाला आपले नाव महाराजांच्या कामात छापील अक्षरांत दिसणे, हा उत्सवात सामील होण्याचाच एक मार्ग होता. १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर उत्सव झाला. १८९७ मध्ये मात्र पुण्यात प्लेग होता, माणसे घरे सोडून गेली होती, प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचे गोरे सोजीर घरांत घुसून झडत्या घेत होते. त्यामुळे जन्मोत्सव पुढे ढकलला आणि जूनमध्ये राज्याभिषेकाच्या तिथीला उत्सव केला.

हा उत्सव विंचूरकरांच्या वाड्यात झाला. कीर्तन झाले, पुराण झाले, तरुणांचे व्यायामाचे खेळ झाले, व्याख्याने झाली. प्रा. भानू अफजलखानाच्या वधावर बोलले. इंग्रज इतिहासकार तो खून ठरवत होते, त्याला उत्तर म्हणून हा विषय निवडला होता. प्रा. जिनसीवाले बोलले, अध्यक्ष म्हणून टिळक बोलले. स्वार्थ नसताना, लोकांच्या भल्यासाठी केलेल्या कृत्याचा दोष महाराजांना लावता येत नाही, असा टिळकांच्या भाषणाचा रोख होता आणि त्यासाठी त्यांनी गीतेचा आधार घेतला. १५ जूनच्या ‘केसरी’त या सगळ्याचा वृत्तांत आला. त्याच अंकात शिवाजी महाराज झोपेतून जागे होऊन आजच्या महाराष्ट्राची दशा पाहतात, अशी कल्पना करून लिहिलेली कविताही होती. तिच्यावर कवीचे खरे नाव नव्हते.

आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर आणि आयर्स्ट या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी ‘केसरी’चा तो अंक उकरून काढला. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. त्यांच्या वतीने दिनशा दावरांनी जामिनाचा अर्ज केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मंजूर केला. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला उभा राहिला, तेव्हा आरोपपत्रात होती ती कविता आणि उत्सवाचा वृत्तांत.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सरकारला टिळकांचे जळजळीत अग्रलेख खुपत नव्हते असे नाही, पण त्यांच्यावर खटला भरला गेला तो सभेत कोण काय बोलले हे सांगणाऱ्या मजकुरावरून. बचावाची बाजू अशी की ही इतिहासावरची चर्चा आहे, उत्सवात जे घडले ते छापले आहे. सरकार पक्षाने उत्सव, कविता, भाषणे आणि पुण्यातली प्लेगची परिस्थिती हे सगळे एकत्र जोडून दाखवले. वृत्तांताचा अर्थ त्याच्या शब्दांत असतो, तसा तो ज्या आठवड्यात छापला गेला त्या आठवड्यातही असतो, असा तो युक्तिवाद होता. स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलम १२४-अ चा अर्थ इतका ताणला की सरकारविषयी प्रेमाचा अभाव हाही गुन्हा ठरावा. नऊ जणांच्या ज्युरीतले सहा युरोपीय दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्सम्युलरसारख्या पंडितांनी दयेचा अर्ज केला आणि वर्षभराने ते सुटले. पण १८९८ मध्ये सरकारने ते कलम अधिक व्यापक करून घेतले. पुढची पन्नास वर्षे मराठी बातमीदाराने उत्सवातले भाषण टिपून घेताना हा खटला डोक्यात ठेवूनच पेन्सिल चालवली असणार.

वृत्तांतात काय आले याची ही गोष्ट. काय आले नाही, याची गोष्ट सांगायला दुसरी पत्रे निघावी लागली. ‘सार्वजनिक’ म्हटलेल्या मंडपात सगळ्यांना प्रवेश होता का, हा प्रश्न उत्सवाच्या रंगतदार वर्णनांतून सहसा सुटायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, त्यामागचे एक कारण हेच की प्रस्थापित पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा मिळत नव्हती. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले यांच्यासह अनेकांनी आग्रह धरला, आंबेडकरही त्यात होते. प्रकरण हातघाईवर येता येता तडजोड झाली: अस्पृश्य पुढाऱ्याने दिलेली फुले पुजाऱ्याने मूर्तीला वाहायची. फुलांचा गुच्छ या हातातून त्या हातात जातो, एवढीच ती घटना. प्रबोधनकारांनी पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला आणि दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव का सुरू करावा लागला तेही सांगितले. आरास किती सुंदर होती याची वर्णने जुन्या फायलींत भरपूर सापडतात. गाभाऱ्याशी कोणाचे हात पोचत होते, हे सांगणारी वर्णने मोजकीच आणि म्हणूनच मोलाची.

नेमके हेच पाहणारी नजर वारीला लाभली. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा घातली, हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचे शिस्तीचे रूप दिले. दिंड्यांचे क्रम, शितोळे सरकारांचे घोडे, मुक्कामाची गावे हे सारे ठरलेले. बातमीदाराला दरवर्षी तेच लिहावे लागते, ही वारीची खरी अडचण. इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात त्यातून वाट काढली. मानवशास्त्राच्या या अभ्यासक दिंडीबरोबर चालल्या. त्यांनी लिहिला तो भक्तीचा पूर आणि त्याच पानांवर जेवणाची पंगतही. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी ब्राह्मण आणि मराठा माणसे संध्याकाळी वेगवेगळी जेवत होती. कर्व्यांना ते खुपले आणि त्यांनी ते लिहिले. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सगळे उद्धृत करतात. पण ती व्याख्या आणि वेगळ्या पंगती एकाच लेखात आहेत, हे विसरले की त्या लेखाचा निम्मा जीव जातो.

दि. बा. मोकाशींनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘पालखी’त आणखी एक पाऊल पुढे टाकले. मोकाशी कथाकार, रेडिओदुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. वारीत ते गेले ते वारकरी म्हणून नव्हे, पाहणारा म्हणून. त्यामुळे त्यांना प्रवचनाइतकाच तळावरचा चिखल दिसतो, चहा दिसतो, दमलेली पावले दिसतात, शेजारच्या वारकऱ्याच्या घरची काळजी ऐकू येते. पुढे वारीवर लिहिणाऱ्या पत्रकारांना या पुस्तकाने एक मोकळीक दिली. रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की माणसे त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात, हे तर दरवर्षी छापून येते. ती माती कागदाच्या पुडीत बांधून घरी कुणासाठी नेली जाते, हे विचारायला जवळ बसावे लागते.

दैनिकांनी मात्र वेगळे कसब कमावले. १ जानेवारी १९३२ रोजी नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि मतांपेक्षा बातमीला, तीही स्थानिक बातमीला, मान दिला. अमेरिकेत शिकून आलेल्या परुळेकरांनी गावोगाव वार्ताहर नेमले. त्यामुळे उत्सवाचा वृत्तांत संपादकाच्या टेबलावरून उठून चौकात आला.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचे वार्तांकन हा आज या कसबाचा कस पाहणारा दिवस. मंडईजवळ लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी सकाळी मिरवणुकीला सुरुवात होते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला. एक बातमीदार बेलबाग चौकात, एक लक्ष्मी रस्त्यावर मध्यावर, एक अलका टॉकीज चौकात, एक घाटावर. कोणता गणपती कोणत्या चौकात किती वाजता आला याची वहीत नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी ती चौकटीत छापली जाते. वाचक ती मागच्या वर्षीच्या वेळांशी ताडून पाहतात, मंडळांचे कार्यकर्ते तर मिनिटांवरून हुज्जत घालतात. मिरवणूक दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत लांबते, पण डाक आवृत्ती रात्रीच छापायला जाते. त्यामुळे बातमी लिहिली जाते ती अर्ध्या घडलेल्या घटनेची; शहर आवृत्तीसाठी पुन्हा नव्याने, पहाटेची भर घालून. गुरुजी तालमीच्या गुलालात न्हालेला शर्ट, ढोलांच्या दणक्यात फोनवर ओरडून सांगितलेली वाक्ये आणि डेस्कवर ती ऐकून टाइप करणारा उपसंपादक, अशी ती कॉपी तयार होते.

गेल्या काही वर्षांत या चौकटीत आणखी एक रकाना आला आहे. पुण्याच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत ध्वनिमापक घेऊन उभे राहतात आणि आवाजाची पातळी नोंदवतात. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीच्या ध्वनिवर्धकांवर बंधने घातली, त्यामुळे या डेसिबलच्या आकड्यांना कायद्याचे वजन आले. आता मिरवणुकीच्या बातमीखाली चौकवार आकडे छापून येतात. त्यांवर मंडळे उत्तर देतात, लक्ष्मी रस्त्याकाठचे रहिवासी पत्रे लिहितात, स्पीकरच्या भिंती असाव्यात की नसाव्यात यावर पुढच्या गणपतीपर्यंत वाद चालतो, आणि काही मंडळे त्या वादातूनच ढोल-ताशा आणि बँडकडे वळल्याचे जाहीर करतात. पुढच्या वर्षीची मिरवणूक कशी निघेल यावर या वर्षीच्या बातमीचा हात फिरलेला असतो, तो असा.