मोटारगाडीची पायरी आणि उंबरठा

मोटारगाडीच्या दाराखाली दोन भाग असतात अथवा असत. पहिला म्हणजे चढण्या-उतरण्यासाठी बाहेर काढलेली लांब पायरी, ‘रनिंग बोर्ड’. दुसरा म्हणजे दाराच्या चौकटीची तळपट्टी, जिला अमेरिकेत ‘रॉकर पॅनेल’ व इंग्लंडात ‘सिल’ म्हणतात. ‘सिल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ घराचा उंबरठा. हे दोन्ही भाग जमिनीला सर्वांत जवळचे, म्हणून चिखल-पाण्याने प्रथम गंजणारे. जुनी गाडी दुरुस्तीस निघाली की काम बहुधा येथूनच सुरू होते. तथापि एका काळच्या गाडीत हे काम केवळ पत्र्याचे असते, तर दुसऱ्या काळच्या गाडीत ते सबंध गाडीच्या सांगाड्याचे होते. हा फरक कारागिराच्या कौशल्याचा नव्हे; तो रचनेच्या इतिहासाचा आहे.

‘व्हिंटेज’ हे विशेषण लोकव्यवहारात कोणत्याही जुन्या गाडीस लावले जाते. इंग्लंडातील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब (स्थापना १९३४) मात्र १९३१ पूर्वीच्याच गाड्यांना ते लावतो, आणि प्रस्तुत विषयात ही काटेकोर मर्यादा उपयोगी पडते. त्या काळातील बहुतेक गाड्यांचा भार पोलादी चासीच्या दोन लांब तुळयांवर असे. बॉडी वेगळी तयार करून चासीवर बोल्टांनी बसविली जाई. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये रनिंग बोर्ड चासीपासून निघालेल्या कंसांवर टेकलेला असे. त्यावर माणूस चढे, हत्यारांची पेटी राही आणि आरंभीच्या गाड्यांत दिव्यांसाठी कार्बाइडचा वायू तयार करणारे भांडेही तेथेच बसविलेले असे. अशी पायरी गंजली तर बोल्ट काढावेत, पत्रा ठोकून सरळ करावा, कुजलेला भाग कापून ठिगळ जोडावे आणि पायरी पुन्हा चढवावी. एवढ्याने गाडीच्या मापात सुताएवढाही फरक पडत नाही.

त्या गाड्यांचा उंबरठा पुष्कळदा लाकडाचा असे. इंग्रज कारागीर ॲश झाडाच्या लाकडाची चौकट करून तिच्यावर पत्रा खिळ्यांनी बसवीत. पत्रा व लाकूड यांच्यामध्ये ओल साचली की लाकूड कुजे, बिजागरीचा खांब ढिला होई आणि दार खाली येई. अशा दुरुस्तीत पत्रेकामापूर्वी सुतारकाम येते: कुजलेले टोक कापून लांब तिरकस सांध्याने नवे लाकूड जोडावे लागते.

लान्चियाच्या ‘लाम्ब्डा’ने १९२२ साली वेगळ्या चासीस फाटा दिला, १९३४ च्या सित्रोएन ‘त्राक्स्याँ आव्हाँ’ने वेल्डिंगने जोडलेली एकसंध पोलादी बॉडी मोठ्या प्रमाणावर रूढ केली. पुढची चाके ओढणारी असल्याने तिच्या तळाखालून मागे जाणारा फिरता दांडा नव्हता. जमीन खाली आली आणि पायरी अनावश्यक झाली. पायरी नाहीशी झाल्याचे कारण म्हणून बदललेल्या अभिरुचीचा उल्लेख नेहमी होतो व तो खोटा नाही. परंतु पूर्वी चासीच्या तुळया करीत असलेले काम एकसंध गाडीत मोठ्या अंशी दाराखालच्या पोकळ पेटीकडे आले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बंद पेटी वाकण्यास व पिळवटण्यास विरोध करते, हा तिचा गुण. तिच्यात शिरलेले पाणी लवकर सुकत नाही, हा तिचा दोष. गंज आतून लागतो. बाहेरचा रंग पुष्कळ दिवस शाबूत दिसतो.

म्हणून येथे दुरुस्तीचा क्रमच बदलतो. गाडी सपाट जागी नीट टेकवून दाराच्या फटी मोजतात. दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार तात्पुरते जोडतात. एका वेळी एकच बाजू उघडतात. आधार न देता सिल कापली तर गाडी मध्यभागी खचते आणि त्याच स्थितीत नवा पत्रा जोडला गेल्यास दार पुन्हा कधीच बरोबर लागत नाही. निरोगी धातूपर्यंत कापत जाऊन आधी आतली भिंत व जमिनीची कड, मग बाहेरचा पत्रा, हा क्रम. पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजू द्यायची नाहीत आणि शेवटी पोकळीत मेण फवारायचे. याउलट गंजक्या सिलवर नवी पट्टी चढवून कडांना लांबी भरण्याची रीत सर्वत्र आढळते. ती दुरुस्ती नव्हे, झाकण आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, पुढे ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेलेली फियाट ही अशाच एकसंध बांधणीची होती; २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून मुंबईत चाललेल्या या गाडीला समुद्राची हवा व पावसाळा दोन्ही सोसावे लागले.

या दोन अवस्थांच्या मध्ये फोक्सवागनची ‘बीटल’ उभी आहे. मेक्सिकोतील पुएब्ला येथे २००३ साली तिचे उत्पादन थांबले, तोपर्यंत तिची पायरी कायम होती. पायरीमागे एक पोकळ नळी असते. ती एंजिनाकडील गरम हवा आत आणते आणि बॉडीला ताठपणाही देते. पायरीचे बोल्ट याच नळीत रुततात. पायरी बदलण्यास बसलेल्या कारागिराच्या हाती बोल्टासोबत नळीचा गंजका तुकडाही येतो, आणि एका दुपारचे काम काही आठवड्यांचे होते.

अभ्यासकाची अडचण याच ठिकाणी आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा) २०१२ साली स्वीकारलेली तुरीन सनद मूळ द्रव्य शक्य तितके राखावे आणि नवा भाग ओळखता यावा, असे सांगते. मॉडेल टीची पोचे पडलेली पायरी या तत्त्वाप्रमाणे जशीच्या तशी ठेवता येते. तिच्यावरची झीज हाच पुरावा आहे. एकसंध गाडीची कुजलेली सिल तशी ठेवणे म्हणजे बसणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे. ती कापावी लागते आणि कापताना मूळ वेल्डिंगच्या ठिपक्यांची अंतरे, पत्र्याची जाडी व कारखान्यातील रंगाचे थर एकदमच नष्ट होतात. करवत लावण्यापूर्वी ही मापे घेणे, कापलेला एखादा तुकडा गाडीच्या कागदपत्रांबरोबर जतन करणे आणि नव्या पत्र्यावर आतल्या बाजूस वर्ष कोरणे, इतके तर कोणत्याही कर्मशाळेत होऊ शकते.