बसरा स्मारक

बसरा स्मारक हे इराकमधील पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत, १९१४ पासून ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंत, मृत्यू पावलेल्या परंतु ज्यांची अंत्यस्थाने ज्ञात नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी ते उभारण्यात आले. एडवर्ड वॉरन हे त्याचे वास्तुरचनाकार. अनावरण २७ मार्च १९२९ रोजी झाले.

मराठा पलटणी

या मोहिमेत मराठा पलटणींचा मोठा वाटा होता. १०३वी, ११०वी आणि ११७वी या पलटणी ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा येथील वेढ्यात अडकल्या होत्या. वेढा म्हणजे मुख्यतः खंदकातील जिणे. टायग्रिसला पूर आला की खंदकांत पाणी शिरे. शिधा घटत गेला. घोड्याचे मांस खाण्यास अनेक भारतीय शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला आणि स्कर्व्हीने त्यांना ग्रासले. शरणागतीनंतर कैदेत आणि वाळवंटातील सक्तीच्या वाटचालीत आणखी अनेक दगावले.

नावांचा प्रश्न

स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे, साध्या शिपायासह, कोरलेली आहेत. भारतीयांपैकी मात्र केवळ सुभेदार, जमादार अशा अधिकाऱ्यांनाच हा मान मिळाला. हवालदार, नाईक व शिपाई यांची पलटणवार फक्त संख्या दिली आहे. अशा अनाम भारतीयांची संख्या ३०,००० हून अधिक भरते. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर (१९२७) भारतीय शिपायांची नावे कोरलेली आहेत. तेव्हा नावे कोरणे अशक्य होते, असे म्हणता येत नाही. वारसांना निवृत्तिवेतन तरी नावानेच मिळत होते.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात ही विषमता मान्य केली आणि तिच्यामागे तत्कालीन वांशिक पूर्वग्रह असल्याचे नमूद करून क्षमा मागितली.

सद्यस्थिती

मूळ स्मारक शत्त-अल-अरबच्या काठी होते. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने ते नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ कि.मी. अंतरावर हलविण्यात आले. मृतांच्या वारसांना तेथे पोहोचणे दुरापास्तच आहे.

महाराष्ट्रातील स्मृतिशिला

महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत महायुद्धोत्तर काळातील लहान संगमरवरी शिला आढळतात. सातारा जिल्ह्यातील ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावी महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे. अशा शिलांवर बहुधा गावातून किती जण लढाईस गेले आणि त्यांतील किती कामी आले, एवढेच लिहिलेले असते. नावे तेथेही नसतात.