झग्याआतला कणा

"इतका नट्टापट्टा करणारी बाई कामाची नसते," असं आमच्या आजी म्हणायच्या. आल्ला पुगाचोवाविषयी वाचताना मला ते सारखं आठवत होतं.

ही मॉस्कोची गायिका, जन्म 1949चा. त्या काळी सोव्हिएत रंगमंचावरच्या गायिका बहुतेक शिस्तीत, एका जागी उभ्या राहून गायच्या. 1975 मध्ये बल्गेरियातल्या 'गोल्डन ऑर्फियस' स्पर्धेत हिनं 'आर्लेकिनो' हे विदूषकाचं गाणं म्हटलं. गाता गाता विदूषकासारखी हसली, हातवारे केले, आणि पहिलं बक्षीस घेऊन आली. पुढे पिंजारलेले तांबूस केस आणि घोळदार झगे हीच तिची ओळख झाली. नावं ठेवणारे पुष्कळ, पण गाणी घरोघरी गेली.

1986 मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिथल्या सफाईला जुंपलेल्या माणसांसाठी ती त्याच वर्षी तिकडं जाऊन गायली.

2022 मध्ये तिच्या नवऱ्यानं, माक्सिम गाल्किननं, युक्रेनवरच्या युद्धाला विरोध केला. सरकारनं त्याला 'परदेशी हस्तक' ठरवलं. तो तिच्याहून 27 वर्षांनी लहान. त्यावरून लोकांनी किती चेष्टा केली होती! तेव्हा 73 वर्षांच्या या बाईनं जाहीर लिहिलं, की माझंही नाव त्याच यादीत घाला.

नवऱ्याच्या मानात वाटा सगळ्याच घेतात, बायांनो. त्याच्या बदनामीत आपणहून वाटा मागायला कणा लागतो. तो झग्यावरून दिसत नाही, एवढंच आजींना सांगायचं राहून गेलं.