वायुझोत आणि गणकयंत्राची उष्णता

गणकयंत्रे तापतात, ही तक्रार त्या यंत्रांइतकीच जुनी आहे. १९४६ साली फिलाडेल्फियात लोकांपुढे आलेल्या ‘एनियाक’मध्ये सुमारे १८,००० निर्वातनलिका होत्या, पंख्यांचा वारा खेळविल्यावाचून ते यंत्र चालणे शक्य नव्हते. पुढे ट्रान्झिस्टर आला, नलिका गेल्या. उष्णता मात्र राहिली व लहान जागेत एकवटली.

१९८० साली आयबीएमने ३०८१ हे यंत्र जाहीर केले, तेव्हा मोठ्या यंत्रांत वाऱ्याचे दिवस संपले असेच कोणासही वाटले असते. त्यात हेलियमने भरलेल्या पेटीत प्रत्येक चिपवर एक दट्ट्या टेकलेला असे व उष्णता अखेरीस पाण्याच्या स्वाधीन होई. परंतु त्याच कंपनीच्या १९८३ मधील ४३८१ या मध्यम यंत्राने हवेचीच कास धरली. त्यातील एकेका घटकावर ३६ पर्यंत चिपा बसत आणि त्यावर हवेचा झोत लंबदिशेने आदळे. पृष्ठभागास समांतर वाहणारी हवा त्यावर आपल्याच संथ थराचे पांघरूण घालते. आदळणारा झोत आघातस्थानी हे पांघरूण अतिशय पातळ करतो. शिवाय शेजारच्या घटकाने तापविलेली हवा दुसऱ्याच्या वाट्यास येत नाही.

युक्ती अर्थातच उसनी होती. काच कणखर करणे, कागद व कापड वाळविणे या उद्योगांत ती रुळलेली होती. गार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांची १९६०नंतरची मोजमापे आणि होल्गर मार्टिन यांचा १९७७चा समालोचनात्मक निबंध अभियंत्यांच्या हाताशी होता. अडचण उरली ती वापरलेल्या हवेची: तिला निघून जाण्यास वाट न दिल्यास ती शेजारच्या झोतांनाच बाजूस ढकलते.