ओक रिजचा उंदीरखाना

१९४२ साली अमेरिकेच्या लष्कराने टेनेसी राज्यातील सुमारे ५९,००० एकर डोंगराळ जमीन सरकारजमा केली, तेथील तीनेक हजार रयतेस पिढीजात घरे सोडण्याचे हुकूम बजावले आणि अणुबाँबच्या युरेनियमसाठी ओक रिज हे शहर वसवले. युद्ध संपेपर्यंत ते कोणत्याही नकाशावर नव्हते. युद्ध सरले, परंतु किरणोत्साराने संततीचे काय होते, हा प्रश्न मागे उरला. आणि त्याचा छडा लावण्यासाठी विल्यम रसेल व नाझी अंमलातील व्हिएन्नातून कोवळ्या वयात निसटलेल्या त्यांच्या पत्नी लिअ‍ॅन यांनी १९४७ मध्ये तेथे उंदरांची पैदास आरंभिली. शिवकालीन कारखान्यांत जसा हत्तींचा पीलखाना असे, तसा हा उंदीरखाना.

१९४९ मध्ये, किरणांचा स्पर्शही न झालेल्या एका वंशात, काही नर पिले खपल्या धरलेल्या त्वचेची व फुगलेल्या प्लीहेची निपजली आणि महिन्याच्या आत मेली. दोष एक्स गुणसूत्रावर होता. म्हणून आया धडधाकट राहत, मुलगे मात्र निम्मे दगावत. किरणांच्या प्रश्नाशी या व्याधीचा काडीमात्र संबंध नसताना, दोष वाहणाऱ्या निरोगी माद्या निवडून, पिढ्यांमागून पिढ्यांच्या नोंदी दप्तरी ठेवून, तो ‘स्कर्फी’ वंश तेथील लोकांनी अर्धशतक जगवला. या इतिहासात मला सर्वांत थोर वाटते ती ही निरपेक्ष दप्तरदारी. तिच्यावाचून पुढचे काहीच घडते ना.

देहरक्षणाची चाकरी करणाऱ्या टी पेशी या पिलांत बेलगाम वाढून स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडतात, हे १९९० च्या दशकात उलगडले. मग सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेल येथे मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी उंदराच्या एक्स गुणसूत्रातील डीएनएच्या सुमारे १७ कोटी अक्षरांतून पाच लाखांचा टापू निश्चित केला, त्यातील वीस जनुके एकेक तपासली, आणि अगदी अखेरच्या, विसाव्या जनुकात दोन अक्षरे आगंतुक घुसलेली त्यांना आढळली. पेशींच्या वाढीस आणि प्रतिकाराच्या आवेशास आवर घालणारे प्रथिन घडवणारे हे जनुक म्हणजे फॉक्सपी३. २००१ साली ते जाहीर झाले, आणि त्याच वर्षी तान्ह्या मुलग्यांतील एका प्राणघातक व्याधीचे मूळही त्याच जनुकात सापडले. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलेल्या, इतर टी पेशींना आवरणाऱ्या नियामक पेशी याच जनुकाच्या हुकमतीत घडतात, हे २००३ मध्ये सिद्ध झाले.

या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विल्यम रसेल २००३ साली वारले होते. लिअ‍ॅन २०१९ साली.