बुद्धीचा वारसा

तेरेखोलच्या किल्ल्यावरून दक्षिणेस पाहिले म्हणजे खाडीपलीकडे केरी गाव दिसते. पेडणे महालातील या केरीचे जिवबादादा केरकर पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झाले आणि १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या सैन्याचे नेतृत्व त्यांनी केले. अशा पुरुषाचे नाव निघाले की ‘खाण तशी माती’ म्हणून आपण मोकळे होतो. शाळेतील बुद्धिमान मुलाविषयीही आपला निवाडा हाच असतो. तो कितपत टिकतो, हे येथे तपासून पाहू.

आपल्या देवस्थानांत महाजनकी कुळाने उतरते. पिढ्या लोटल्या तरी तो हक्क तोच राहतो. बुद्धीही घराण्यातून उतरते, असा सिद्धान्त इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ साली ग्रंथरूपाने मांडला. परंतु बीजाचा कायदा महाजनकीचा नव्हे. मूल आईबापांकडून निम्मे निम्मे बीज घेते. त्यातले कोणते निम्मे यावे, हे कोणाच्याच हाती नाही. शिवाय देण्यापूर्वी ते पत्त्यांप्रमाणे पिसले जाते. म्हणूनच एका घरची दोन भावंडे सारखी निपजत नाहीत.

या पिसण्याचे गणित मांडणाऱ्यांत एक गोमंतकीय आहेत, ते दामोदर धर्मानंद कोसंबी. जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र १९४४ साली प्रसिद्ध झाले आणि ते आजही वापरात आहे. वडील धर्मानंद हे पालीचे प्रकांड पंडित. तेव्हा म्हणीच्या कैवाऱ्यांना हा उत्तम पुरावा वाटेल. पण साखवाळच्या धर्मानंदांना शालेय शिक्षण थोडकेच लाभले. विद्येसाठी त्यांना घर सोडून पुणे, काशी, नेपाळ व सिंहलद्वीप गाठावे लागले. १९०७ साली जन्मलेल्या दामोदरांना मात्र अमेरिकेतील शाळा आणि हार्वर्ड विद्यापीठ लाभले, कारण वडील ग्रंथसंपादनासाठी तेथे गेले होते. बीजाबरोबर उघडे दारही वारशाने आले. या दोहोंची वाटणी कोणते न्यायालय करील?

बीजाला वाटाच नाही, असे आमचे म्हणणे नाही. २०१८ साली युरोपीय वंशाच्या सुमारे अकरा लक्ष लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. शिक्षणाच्या वर्षांशी निगडित अशी १,२७१ स्थाने तीत सापडली. प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प. बीजभेदांची एकत्र बेरीज करूनही माणसामाणसांतील फरकाचा ११ ते १३ टक्के भागच उलगडला. एवढ्यावरून कोणाच्या कुळाची बुद्धी ठरविणे हे पुराव्याविना दिलेले निकालपत्र होय.

परीक्षकही चुकतात. कॅलिफोर्नियात १९२१ पासून लुईस टर्मन यांनी सुमारे पंधराशे असामान्य मुले निवडली. त्या चाचणीत जी वगळली गेली त्यांत विल्यम शॉकली व लुई अल्वारेझ होते. पुढे १९५६ व १९६८ साली दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या देवस्थानांच्या निधीतून ज्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांच्या विश्वस्तांस आमची दोनच विनंत्या आहेत. अर्जातून कुळाचा उल्लेख गाळावा. आणि एकदा मागे पडलेल्या मुलास पुन्हा संधी द्यावी. तेरेखोल गाव खाडीच्या उत्तर तीरावर, उर्वरित गोव्यापासून तुटून आहे. तेथील मुलाच्या बीजात काय आहे, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्याला पलीकडे नेणारी वाट खुली ठेवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.