मिश्रीनं दात स्वच्छ होत नाहीत. दातांची रोजची निगा अशी राखा

बेळगाव : खासबाग, वडगाव, शहापूर भागातल्या विणकर गल्ल्या असोत की निपाणी परिसरातली तंबाखूची गावं, सकाळी तोंड धुण्याआधी मिश्रीची डबी उघडणारी माणसं सीमाभागात आजही आहेत. त्यात बायकांचं प्रमाण मोठं. बाहेर कुणी बाई सिगारेट ओढताना दिसली तर चर्चा होते, पण घरात आजी, काकी, सासूबाई मिश्री लावतात त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. "दात घासतेय" असंच म्हणतात. घोळ इथंच आहे. मिश्री हे दंतमंजन नव्हे, ती तंबाखू आहे.

मिश्री म्हणजे नेमकं काय?

काही भागांत हिलाच मशेरी म्हणतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. भाजल्यानं तंबाखूचा वास आणि रंग बदलतो, पण निकोटिन आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तोंडात ठेवायच्या, चघळायच्या, घासायच्या तंबाखूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

केंद्र सरकारनं १९९२ मध्येच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. म्हणजे दुकानात 'मंजन' म्हणून तंबाखू विकता येत नाही. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण अडवणार? २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात १५ वर्षांवरील २१.४ टक्के भारतीय धूर न काढता तंबाखू घेणारे आढळले. मिश्री लावणारेही त्यातच मोडतात.

मग मिश्रीनं बरं का वाटतं?

"मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही", "दाढ दुखायची थांबते", "डोकं हलकं होतं" असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि काही मिनिटांत तरतरी येते. आतड्यांची हालचालही वाढते. तोंडाला झिणझिण्या येऊन ठणका थोडा वेळ कमी जाणवतो.

पण दाढेतला खड्डा तसाच राहतो आणि आतल्या आत खोल जातो. जिथं रोज पूड दाबली जाते तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, गार पाणी झोंबायला लागतं. दात काळपट होतात, ते पुन्हा घासावेसे वाटतात आणि हात पुन्हा डबीकडे जातो. सकाळी एकदा लावणारी बाई दिवसातून चार-पाचदा लावायला लागते, ती अशी.

गरोदर बाईनं तर डबीला हातच लावू नये. तंबाखूमुळं बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

दात किडतात कसे?

तोंडात जंतू असतातच. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की ते त्यातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण थराला विरघळवतं. लाळ ते नुकसान हळूहळू भरून काढते, पण त्यासाठी तिला वेळ लागतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणानंतर कुंदा एकदाच खाल्ला तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. यंत्रमागावर रात्रपाळी करताना दर तासाला गोड चहा घेतला तर तो मिळत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळं न घासता झोपलेली रात्र दातांना सगळ्यात महागात पडते.

रोज काय करायचं?

• दिवसातून दोनदा घासा. त्यातलं रात्रीचं चुकवू नका. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको.

• ब्रश मऊ घ्या. जोर लावला की दात जास्त स्वच्छ होतात हा गैरसमज आहे. त्यानं हिरड्या सोलतात. तीन महिन्यांनी, किंवा केस वाकले की त्याआधीच, ब्रश बदला.

• टूथपेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड लिहिलंय का बघा. १००० पीपीएमच्या आसपास असेल तर पुरे. साधी, स्वस्त पेस्टही चालते. मोठ्या माणसालाही वाटाण्याएवढी पुरते.

• दोन मिनिटं घासा. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून हळूहळू फिरवा. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू, शेवटी जीभ.

• घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच खळाखळा चूळ भरू नका. फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहू दे.

• लिंबू सरबत, सोडा, चिंचेचं काही घेतलं तर पाण्यानं चूळ भरा आणि अर्ध्या तासानं घासा.

• राख, कोळसा, विटेची पूड, जाडं मीठ यांनी दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर खरवडला जातो. तो थर पुन्हा येत नाही. कडुनिंबाची काडी मऊ चावून वापरली तर घाण निघते, पण तिच्यात फ्लोराइड नसतं. काडी सकाळी वापरा, रात्री पेस्टच.

लहान मुलांसाठी

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, घासणं तेव्हापासूनच सुरू करावं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. "दुधाचे दात पडणारच आहेत" म्हणून सोडून देणंही चूक. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागं जी दाढ येते ती दुधाची नसते, आयुष्यभराची असते, आणि किडलेल्या दातांच्या शेजारी ती उगवते.

आणखी एक. नातवंडं आजीजवळ बसून तोंड धुतात. आजीच्या डबीत बोट घालणं हा त्यांना खेळ वाटतो. डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

मिश्री सोडायची कशी?

एखादा दिवस ठरवा आणि आदल्या रात्री डबी घरातून काढा. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट अडेल. साधारण दोन-तीन आठवड्यांत हा त्रास ओसरतो. तलफ काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, अंगणात फेरी मारा. सकाळी मिश्रीच्या जागी ब्रश हातात घ्या, म्हणजे हाताची सवय मोडत नाही, फक्त वस्तू बदलते. पोटासाठी कोमट पाणी, भाजी, फळं वाढवा. डबीच्या जागी सुपारी धरू नका. तंबाखू नसली तरी सुपारीनं तोंड आखडतं आणि कर्करोगाचा धोका राहतोच.

घरच्यांनी टोमणे मारू नयेत. "एवढी वर्षं लावतेस, आता काय सुटणार" हे वाक्य तर नकोच. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. निकोटिनच्या गोळ्या चघळायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून.

महिन्यातून एकदा आरशासमोर

उजेडात तोंड उघडून गालाच्या आत, जिभेखाली, ओठांच्या आत, मिश्री लावायच्या जागी नीट बघा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तिखट न सोसणं, उभी तीन बोटं तोंडात न मावणं, यांपैकी एक जरी आढळलं तरी लगेच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला दुखत नाहीच. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दात हलत असतील तरी तपासून घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण हिरड्यांचा आजार आणि रक्तातली साखर एकमेकांना बिघडवतात.

दाखवायचं कुठं?

बेळगावात केएलई संस्थेचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळं खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. जिल्हा रुग्णालयातही विचारता येतं. दात पडलेल्या गरजू ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी 'दंत भाग्य' योजना कर्नाटक सरकारनं आणली आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन सरकारी दंत विभागात सध्याचे नियम विचारून घ्यावेत.

ठणका लागल्यावर दाढ काढून टाकणं सोपं वाटतं. पण ज्वारीची भाकरी चावायला लागणारी दाढ एकदा गेली की कवळीला तो जोर येत नाही. घरातल्या मिश्री लावणाऱ्या आईला, आजीला हे वाचून दाखवा, आणि येत्या बाजाराला तिच्यासाठी एक मऊ ब्रश घेऊन या.